गिटारची एक अनवट जुळणी

गिटार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. वाद्य छातीशी धरलेले, डाव्या हाताची बोटे दांडीवर झपाझप फिरताहेत आणि उजवा हात तारा छेडतो आहे. आज ज्या गिटारविषयी सांगायचे आहे ती अशी नव्हे. ती मांडीवर आडवी, पाटासारखी ठेवतात. तिच्या तारा दांडीपासून चांगल्या उंचावर ताणलेल्या असतात. त्या बोटांनी दाबायच्या नसतातच. डाव्या हातात पोलादाची एक गुळगुळीत कांडी धरायची, ती तारांवर अलगद टेकवायची आणि सरकवायची. उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि बोटांना नख्या चढवून तारा छेडायच्या. कांडी पोलादाची, म्हणून वाद्याचे नाव स्टील गिटार. आपल्याकडे तिला हवाईयन गिटार म्हणतात. वॅन शिप्ले किंवा हजारा सिंग यांनी वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या ज्यांनी ऐकल्या असतील, त्यांच्या कानांत तो लांबच लांब मिंडेचा, गळ्यातून निघाल्यासारखा आवाज अजून असेल.

परंतु आपला आजचा विषय हे वाद्य नव्हे, तर त्याच्या तारा जुळवण्याची एक तऱ्हा आहे. तुम्ही म्हणाल, तारा जुळवण्यात एवढे सांगण्यासारखे काय आहे? तंबोरा आपण जुळवतोच की. पंचम, दोन जोडीचे षड्ज आणि खर्ज. फार तर पंचमाऐवजी मध्यम किंवा निषाद. गाणे सुरू झाले म्हणजे जुळणीचा प्रश्न संपला. बरोबर आहे. पण या आडव्या गिटारीचे तसे नाही. तिच्या बाबतीत जुळणी हेच सर्वस्व आहे. तारा कशा लावल्या यावर वादकाला आयुष्यभर काय वाजवता येईल आणि काय येणार नाही, हे ठरून जाते. म्हणून तर या वाद्याच्या जगात माणसे एखाद्या घराण्याला वाहून घ्यावे तशी एखाद्या जुळणीला वाहून घेतात.

हे असे का, ते आधी समजून घेऊ.

साध्या गिटारवर चार बोटे चार निरनिराळ्या पडद्यांवर दाबता येतात. त्यामुळे पाहिजे ते स्वर एकत्र गोळा करून एकदम वाजवता येतात. स्वरांच्या अशा जुडग्याला पाश्चात्त्य संगीतात कॉर्ड म्हणतात, आणि त्यांच्या गाण्याची सारी इमारत या कॉर्डांवर उभी असते. आडव्या गिटारवर बोटांच्या जागी एकच सरळ कांडी आहे. ती सगळ्या तारांवर एकाच रेषेत बसते. कांडी पुढे सरकवली की सगळ्या तारा सारख्याच चढतात, मागे घेतली की सारख्याच उतरतात. एकमेकींमधले त्यांचे नाते काही बदलत नाही. म्हणजे मोकळ्या तारांत जी कॉर्ड आहे तीच वर किंवा खाली मिळणार. जी नाही ती दांडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कोठेही सापडणार नाही. कांडी थोडी तिरपी धरून दोन-तीन तारांपुरती पळवाट काढता येते, पण तिलाही मर्यादा आहे.

हे वाद्य जन्माला आले हवाई बेटांवर. ओआहू बेटावरचा जोसेफ केकुकु नावाचा शाळकरी मुलगा १८८९ च्या सुमारास गिटारच्या तारांवर पोलादाचा तुकडा सरकवून वाजवू लागला, आणि त्याच्याकडेच या तऱ्हेचे श्रेय सामान्यतः दिले जाते. काही जुन्या आठवणींत गॅब्रिएल डेव्हियन या हिंदुस्थानात जन्मलेल्या माणसाचेही नाव येते. तारांवर काहीतरी सरकवून वाजवणे आपल्याला नवीन नव्हतेच. उत्तरेकडे विचित्रवीणा आहे. दक्षिणेकडे गोट्टुवाद्यम् आहे, आणि तंजावर भागातल्या तिरुविडैमरुदूरच्या सखाराम रावांनी त्याला नवी प्रतिष्ठा मिळवून दिली. असो. हवाईत मात्र गिटार मेजर कॉर्डमध्ये जुळवलेली असे. आपल्या भाषेत सांगायचे तर सहा तारा खालून वर अशा: प, सा, प, सा, ग, प.

जरा निरखून पहा. तारा सहा, पण स्वर तीनच: सा, ग, प. सगळ्या तारा एकदम छेडा, कान तृप्त होतात. एकही स्वर खटकत नाही. समुद्रकाठच्या, साध्या, मोकळ्या गाण्यांना याहून अधिक काही लागतही नव्हते. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोला मोठे जागतिक प्रदर्शन भरले. तेथे अमेरिकन लोकांनी हे संगीत ऐकले आणि त्यांना त्याचे वेडच लागले. विजेवर चालणारी जी पहिली गिटार १९३२ साली बाजारात आली, ती रिकनबॅकर कंपनीची, ॲल्युमिनियमची, आकाराने तव्यासारखी. तीसुद्धा मांडीवर ठेवण्याचीच होती.

पण त्याच सुमारास अमेरिकेतले लोकप्रिय गाणे बदलत चालले होते. जॅझच्या प्रभावाने एका कडव्यात आठ-दहा कॉर्ड येऊ लागल्या. मेजर आली की मागोमाग मायनर, मग सेव्हन्थ, मग आणखी काही. आता ज्या वाद्याजवळ एकच कॉर्ड आहे त्याने या मेळ्यात करायचे काय? एक तर सुटे स्वर वाजवत राहायचे, नाहीतर आपली गाणी वेगळी ठेवून बाजूला बसायचे. वाद्याच्या अस्तित्वाचाच हा प्रश्न होता म्हणा ना!

यावर वादकांनी जो उपाय शोधला तो खुंट्या पिळण्याचा. सोल होओपिई हा होनोलुलूचा वादक. तो १९०२ साली जन्मला आणि तरुणपणीच अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आला. त्याने १९३० नंतरच्या दशकात नवी जुळणी रूढ केली. पांढरी तीन सा मानला तर ती अशी होते: प, कोमल नी, सा, ग, ध, सा. म्हणजे जुन्या तीन स्वरांत त्याने धैवत आणि कोमल निषाद हे दोन पाहुणे आणून बसवले. त्याने काय साधले? सा-ग-प ही मेजर कॉर्ड शाबूत राहिली. तिच्यात कोमल नी मिळवला की सेव्हन्थ झाली. आणि ध-सा-ग हे तीन स्वर घेतले की मायनर हाती आली. कांडी जागची हलली नाही, आणि एका कॉर्डच्या तीन झाल्या.

त्यानंतरचे मोठे नाव जेरी बर्ड यांचे. ओहायो राज्यात १९२० साली जन्मलेल्या या माणसाने सा, ग, प, ध, सा, ग ही जुळणी नावारूपाला आणली. हिला सी-सिक्स्थ म्हणतात. आपल्या भूपातून ऋषभ वगळला तर जे उरते तेच हे स्वर. म्हणूनच आपल्या कानांना ही जुळणी अगदी घरची वाटते. बर्ड यांनी पुढे सात तारांची आणखी एक जुळणी केली: ग, म, प, ध, नी, सा, ग. एवढे स्वर मोकळ्या तारांत मिळाले की कांडी न हलवता चालच्या चाल वाजवता येते.

आता आपण मुख्य विषयाशी आलो. या वाटेवर जितके पुढे जाता येईल तितके पुढे जाऊन पाहिले विल्यम लेविट यांनी. लेविट हे अमेरिकेतल्या बॉस्टन शहरातल्या बर्कली संगीत महाविद्यालयात १९६५ पासून १९९० साली मृत्यू येईपर्यंत गिटार विभागाचे प्रमुख होते. त्यांचे ‘ए मॉडर्न मेथड फॉर गिटार’ हे पुस्तक १९६६ पासून निघू लागले, आणि साधी गिटार शास्त्रशुद्ध शिकू इच्छिणारा विद्यार्थी आजही ते समोर ठेवून बसतो. म्हणजे शिक्षक म्हणून त्यांचे नाव झाले ते उभ्या गिटारीसाठी, तिच्या सर्वमान्य जुळणीसाठी. पण मांडीवरच्या गिटारीसाठी त्यांनी जी जुळणी बांधली, तिच्यासारखी चमत्कारिक जुळणी शोधून सापडणार नाही. ती लेविट यांच्याच नावाने ओळखली जाते.

ती अशी आहे. पांढरी एक सा माना. सहा तारा खालून वर: कोमल रे, ग, प, कोमल नी, वरचा सा आणि वरचा शुद्ध रे.

घरात पेटी असेल तर हे स्वतः करून पहा. काळी एक, पांढरी तीन, पांढरी पाच, काळी पाच, मग वरच्या सप्तकातली पांढरी एक आणि पांढरी दोन. सहाही पट्ट्या एकदम दाबा. कसे वाटले? घरातली माणसे विचारतील, पेटी बिघडली काय? कोमल ऋषभ, षड्ज आणि शुद्ध ऋषभ हे तिघे एकाच वेळी बोलू लागले म्हणजे दुसरे काय होणार? जुन्या हवाईयन जुळणीत सगळ्या तारा एकदम छेडणे हे सुख होते. येथे तीच गोष्ट वर्ज्य आहे. नवशिक्या माणसाने ही गिटार हाती घेऊन सहा तारांवर हात फिरवला की तो बहुधा ती खाली ठेवून देईल.

पण आता एवढ्यावर थांबू नका. त्याच सहा पट्ट्यांतल्या निवडक तीनच दाबा. ग, प आणि सा घ्या. ही सरळ मेजर कॉर्ड झाली, प्रसन्न आणि भरलेली. ती सोडून प, कोमल नी आणि वरचा रे घ्या. ही मायनर, जराशी उदास. आता ग, प, कोमल नी, सा हे चार घ्या. ही सेव्हन्थ. ती ऐकली की पुढे काहीतरी येणार आहे असे वाटते, वाक्य अर्धवट राहिल्यासारखे. शेवटी खालचे चार घ्या: कोमल रे, ग, प, कोमल नी. ही डिमिनिश्ड. जुन्या मूकपटांत खलनायक दारामागून डोकावला की पियानोवाला हीच वाजवी.

या शेवटच्या चार स्वरांची एक गंमत आहे. त्यांतला प्रत्येक स्वर मागच्या स्वरापासून बरोबर तीन पट्ट्यांवर आहे, काळ्या-पांढऱ्या दोन्ही धरून. आणि चौथ्यापासून आणखी तीन पट्ट्या पुढे गेले की पुन्हा पहिलाच स्वर, वरच्या सप्तकातला. त्यामुळे कांडी तीन पडदे पुढे नेली तरी तेच चार स्वर मिळतात, नुसता क्रम बदलतो. या कॉर्डला पुढचे दार आणि मागचे दार असा भेदच नाही. म्हणून एका कॉर्डवरून दुसऱ्या कॉर्डवर जाताना ती पुलासारखी उपयोगी पडते. सेव्हन्थमध्ये सा होता, त्याच्या जागी कोमल रे आला, बाकीचे तीन स्वर तेच. एवढ्या फरकाने घराचा पूल झाला. लेविट यांनी कोमल ऋषभाची तार सर्वांत खाली का ठेवली, याचे उत्तर येथे मिळते. ती विक्षिप्तपणाने ठेवलेली नाही.

थोडे गणित करू. सहा तारांतून कोणत्याही तीन निवडायच्या तर असे वीस प्रकार होतात. जुन्या जुळणीत स्वरच तीन असल्यामुळे त्या विसांतून कॉर्ड निघते एकच, फार तर एखादा स्वर दुणावलेला किंवा गळालेला. लेविट यांच्या जुळणीत सहाही स्वर वेगळे आहेत. त्यामुळे विसाच्या वीस निवडी भिन्न आहेत. त्यांत एक मेजर, एक मायनर आणि चार डिमिनिश्ड आहेत. बाकीच्यांत काही मोठ्या कॉर्डांचे तुकडे आहेत आणि काही नुसते कर्कश आहेत. कर्कश टाळायचे आणि बाकीचे ओळखायचे, यातच वादकाचे कौशल्य.

त्याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. ग, प, कोमल नी आणि वरचा रे हे चार स्वर घ्या. यांना नाव काय द्यायचे? खाली दुसऱ्या कोणी पांढरी एकचा खर्ज धरला असेल तर ही झाली नाइन्थ नावाची कॉर्ड. खर्ज पांढरी पाचचा असेल तर हेच चार स्वर मायनर-सिक्स्थ होतात. खर्ज पांढरी तीनचा असेल तर तिसरेच नाव आणि तिसराच भाव. तारा त्याच, कांडी तेथेच, छेडणारी बोटेही तीच. बदलला तो फक्त आधारस्वर. आपल्या संगीतात हे नवे नाही. भूपाचे पाच स्वर तसेच ठेवून गांधाराला षड्ज माना, मालकंस उभा राहतो. याला आपण मूर्च्छना म्हणतो. जे आपल्याकडे एका स्वरपंक्तीच्या बाबतीत घडते, तेच येथे स्वरांच्या जुडग्याच्या बाबतीत घडते. त्यामुळे लेविट यांच्या सहा तारांतून निघणाऱ्या कॉर्डांची संख्या तारांवरून कळत नाही. ती शेजारी बसून खर्ज वाजवणाऱ्याच्या सोबतीने वाढत जाते.

या जुळणीत हातांची कामेही पालटतात. जुन्या पद्धतीत सारे कसब डाव्या हाताचे: कांडी कोठे टेकवायची, किती हलवायची. उजव्याने छेडले की झाले. येथे डावा हात फक्त ‘कोठे’ एवढेच सांगतो. ‘काय’ ते उजवा हात ठरवतो. कोणत्या तीन तारा उचलायच्या, मधली कोणती चुकवायची, कोणती तळहाताने दाबून गप्प ठेवायची, हे सारे त्याने निमिषात ठरवायचे. ग-प-सा हवे तर मधल्या कोमल निषादाला स्पर्शही होता कामा नये. स्वर मिळवण्याइतकेच स्वर टाळणे हे येथे काम आहे. भाषा शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हे पटकन पटते. चांगला लिहिणारा आपल्याला येणारे सगळे शब्द एका वाक्यात घालत नाही.

आता फायद्याबरोबर तोट्याचाही हिशोब मांडला पाहिजे. जुनी जुळणी मंद्रापासून तारापर्यंत दोन पूर्ण सप्तके व्यापते. लेविट यांची जुळणी जेमतेम एक सप्तक आणि वर एक पट्टी, एवढीच. स्वर एकमेकांना खेटून बसले आहेत. त्यामुळे आवाज दाट येतो, चार-पाच सॅक्सोफोन एकदम वाजावेत तसा. पण त्यात समुद्राची मोकळी हवा नाही. खर्जाचा गंभीर आधार नाही, त्यासाठी दुसऱ्या वाद्यावर विसंबावे लागते. तारांचा तयार संच चालत नाही. एकेक तार जाडी पाहून निवडावी लागते. आणि सर्वांत मोठा तोटा म्हणजे सोबत नाही. या वाद्याचे संगीत बहुधा स्वरांऐवजी तारांचे क्रमांक आणि पडद्यांचे आकडे मांडून लिहितात. ज्या जुळणीसाठी ते लिहिले असेल तिच्यावरच ते वाजते. सी-सिक्स्थसाठी लिहिलेला कागद लेविटवाल्याच्या दृष्टीने परक्या लिपीतला. त्याला पुस्तके मोजकी, गुरू त्याहून मोजके. प्रत्येक गाणे त्याने आपले आपण बसवायचे.

मग माणसे अशा जुळणीला का चिकटून राहतात?

एक कारण अगदी व्यवहाराचे आहे. जुळणी ही भाषेसारखी अंगात मुरते. ‘तिसरी तार’ म्हटले की कोणता स्वर, हे वादकाच्या डोक्यात नसते, हातात असते. वीस वर्षे एका जुळणीवर घालवलेल्या माणसाला दुसरीवर जा म्हणणे म्हणजे मातृभाषा बदल म्हणण्यासारखेच आहे.

दुसरे कारण स्वभावाचे आहे, आणि ते समजण्यासाठी या वाद्याच्या इतिहासातली एक मोठी घटना सांगितली पाहिजे. जुळणीच्या या कोड्याला यंत्राने उत्तर दिले. गिटारला चार पाय लावले, खाली पायाने दाबायच्या पट्ट्या बसवल्या, गुडघ्याने ढकलायच्या दांड्या लावल्या. पट्टी दाबली की ठराविक तार तेवढ्यापुरती चढते किंवा उतरते. म्हणजे वाजवता वाजवता जुळणीच बदलायची! असे प्रयत्न आधीही झाले होते. पण वेब पिअर्स या गायकाच्या, १९५४ साली गाजलेल्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच ती पायाने चढवली. ऐकणारे चकित झाले. बघता बघता नॅशव्हिलच्या ध्वनिमुद्रणगृहांतून साधी आडवी गिटार मागे पडली आणि ही पायपट्ट्यांची गिटार तिच्या जागी आली.

जेरी बर्ड त्या वेळी नावाजलेले वादक होते. हँक विल्यम्स यांच्या १९४९ च्या प्रसिद्ध तबकड्यांत त्यांची गिटार आहे. त्यांनी पट्ट्या लावून घेतल्या असत्या तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती. पण त्यांनी तसे केले नाही. कांडी आणि कान यांनी जे होईल तेच वाजवायचे, हा त्यांचा बाणा. नॅशव्हिलमधले दिवस संपल्यावर १९७२ साली ते होनोलुलूला जाऊन राहिले. ज्या बेटांवर हे वाद्य जन्मले, तेथेच ते वाजवणारी माणसे तोपर्यंत कमी झाली होती. ओहायोच्या या गोऱ्या माणसाने हवाईच्या मुलांना त्यांचेच वाद्य पुन्हा शिकवले. आज नावाजलेले अ‍ॅलन अकाका हे त्यांच्याच शिष्यांपैकी. २००५ साली बर्ड वारले.

पायपट्ट्यांच्या गिटारीला मी कमी लेखत नाही. बडी एमन्स यांच्यासारख्या वादकाचे हात आणि पाय एकत्र चालताना ऐकणे हा आनंदच आहे. पण लेविट किंवा बर्ड यांच्या वाटेने जाणारा माणूस वेगळा प्रश्न विचारतो. तो म्हणतो, वाद्यात आणखी काय बसवता येईल ते नंतर पाहू. आहेत त्या सहा तारांचा अर्थ आधी पुरता काढला का? दहा तारा, आठ पट्ट्या यांनी जे साधते, त्यातले पुष्कळसे सहा तारा नीट लावल्या तर साधते. मात्र त्यासाठी यंत्राचे काम डोक्याला करावे लागते. मला हा विचार मोलाचा वाटतो. मर्यादा स्वीकारली म्हणजे माणूस अडतो असे नाही. कधीकधी मर्यादेमुळेच तो विचार करू लागतो.

येथे आपल्याकडच्या वादकांची आठवण होणे साहजिक आहे. हवाईचे ताऊ मो हे वादक १९४० नंतरच्या दशकात कलकत्त्याला राहिले होते. तेथे गार्नी निस यांच्यासारखे शिष्य तयार झाले आणि हे वाद्य आपल्या देशात रुजले. पण त्याने येथे निराळेच वळण घेतले. जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा, जन्म १९३७, यांनी अली अकबर खाँसाहेबांकडे तालीम घेतली आणि या गिटारवर राग वाजवला. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मा यांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी यांच्याबरोबरची ती गिटार काब्रांचीच. जयपूरचे विश्वमोहन भट्ट यांनी तिला चिकारीच्या आणि तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा केली. राय कूडर यांच्याबरोबरच्या ध्वनिमुद्रणासाठी १९९४ साली त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

या मंडळींना होओपिई आणि लेविट यांचे कोडे पडलेच नाही. आपल्या संगीतात कॉर्ड नाहीत, एका वेळी एक स्वर चालतो. तेव्हा तारा षड्ज-पंचमाच्या आधाराने लावल्या की काम झाले. आपल्याला या वाद्याचे आकर्षण वाटले ते मिंडेसाठी. पेटीला मींड येत नाही, हा तिच्यावरचा जुना आक्षेप. १९४० पासून तीन दशके आकाशवाणीवर तिला बंदी होती. या कांडीजवळ तर मिंडेवाचून दुसरे काही नाही. एकच वाद्य, पण एका देशाने त्याला विचारले, तू एका वेळी किती स्वर बोलशील? दुसऱ्याने विचारले, तू एका स्वरावरून दुसऱ्यावर कसा जाशील? प्रश्न वेगळे, म्हणून जुळण्या वेगळ्या.

आता शेवटची एक गोष्ट, आणि तीच मला अधिक महत्त्वाची वाटते. हवाईत जुन्या काळी गिटारची जुळणी ही घराची ठेव असे. बाहेरचा माणूस आला की काही वादक खुंट्या सैल करून ठेवीत. आपल्याकडे अस्ताईचा अंतरा न सांगणारे उस्ताद होऊन गेले, त्यातलाच हा प्रकार. अशा कितीतरी जुळण्या त्या घरांबरोबर गेल्या असतील. लेविट यांच्या जुळणीवर गुप्ततेचा पडदा नाही. सहा स्वर या लेखात छापले आहेत, कोणीही ते लावू शकेल. तरीही तिला धोका आहेच. तो गुप्ततेचा नव्हे, एकटेपणाचा. सहा स्वरांची नावे कागदावर राहतील. पण उजव्या हाताने कोणती तार टाळायची हे ज्ञान कागदावर राहत नाही. ते हातातून हातातच जाते. वाजवणारा शेवटचा हात थांबला की उरते ती सहा पट्ट्यांची, कानाला खटकणारी एक यादी.

म्हणून जगात कोठेतरी, एका खोलीत, कोणी माणूस गिटार मांडीवर आडवी ठेवून कोमल ऋषभाची तार जुळवत बसला असेल, तर त्याला छंदिष्ट म्हणून हसू नये. तो एक भाषा बोलती ठेवतो आहे. आणि तुम्ही अजून पेटी उघडली नसेल तर आज उघडा. आधी सहा पट्ट्या एकदम दाबा, म्हणजे घरचे धावत येतील. मग त्यांना समोर बसवा आणि ग-प-सा, प-नी-रे असे एकेक जुडगे वेगळे करून ऐकवा. ज्या स्वरांना ते आत्ता नावे ठेवत होते, त्यांतूनच हे निघाले आहे, हे त्यांच्या कानांना आपोआप कळेल.